ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि उतारवयातील स्मृतिभ्रंश

प्रश्न :
माझ्या आईचे वय ७४ आहे आणि गुडघेदुखीमुळे ती घराबाहेर फारशी पडत नाही. तपासणीत तिचे ड जीवनसत्त्व ९ नॅनोग्रॅम आले, म्हणून डॉक्टरांनी आठ आठवडे दर रविवारी ६०,००० युनिटची पुडी दुधातून द्यायला सांगितली आहे. हल्ली ती गॅसवर दूध ठेवून विसरते, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते. पुड्यांनी हा विसर कमी होईल का?

प्रतिसाद १ :
संबंध आढळला आहे, हे खरे. अमेरिकेतील १,६५८ वृद्धांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पातळी १० नॅनोग्रॅमच्या खाली असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका पुरेशी पातळी असलेल्यांच्या सुमारे सव्वादोन पट दिसला. मात्र हा आजार निदानाच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होतो, त्या काळात माणूस घरात बसू लागतो, त्याचे खाणे आणि ऊन दोन्ही कमी होतात; म्हणजे कमतरता हा आजाराचा परिणामही असू शकतो. 'व्हायटल' या मोठ्या चाचणीत रोज २,००० युनिट देऊनही स्मरणशक्तीची घसरण एकंदरीत मंदावली नाही. अर्थात त्यातील बहुतेकांची पातळी मुळात बरी होती, त्यामुळे तुमच्या आईंइतकी कमतरता असलेल्यांबद्दल त्यावरून ठाम बोलता येत नाही.

प्रतिसाद २ :
हाडांसाठी आणि स्नायूंसाठी पुड्या हव्यातच, पण त्या संपेपर्यंत विसराळूपणाची तपासणी थांबवू नका. बी-१२, थायरॉईड, सोडियम, ऐकू कमी येणे, नैराश्य यांवर उपाय असतो, आणि ती कारणे आधी तपासायला हवीत. पुड्या मात्र स्वतःच्या ताब्यात ठेवा. आपण घेतली हे विसरून रोज एक घेणारे वृद्ध असतात, आणि काही घरांत आठ आठवड्यांनंतरही विचारणा न करता पुड्या चालूच राहतात. त्यातून रक्तातील कॅल्शियम वाढले, तर तहान, बद्धकोष्ठता आणि गोंधळलेपण येते, आणि तो गोंधळ पाहून घरच्यांना स्मृतिभ्रंश बळावल्यासारखा वाटतो.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. आई शाकाहारी आहे आणि मधुमेहासाठी कित्येक वर्षे मेटफॉर्मिन घेते. बी-१२ कधीच तपासलेले नाही.

प्रतिसाद २ :
मग ती तपासणी याच आठवड्यात करून घ्या, कारण मेटफॉर्मिनमुळे बी-१२ कमी होऊ शकते आणि शाकाहारात ते मुळातच कमी मिळते. डॉक्टरांकडे जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्या, आणि विसर केव्हापासून व कोणत्या कामांत जाणवतो, हे लिहून न्या.