मदत हवी आहे : दोन खुडूक कोंबड्या, एकच खुराडं

शेजारी-शेजारी दोन कोंबड्या खुडूक बसल्यात. पहिलीची पिल्लं कालपासून निघतायत. दुसरीची अंडी मागाहून ठेवलेली, 21 दिवस भरायला अजून आठवडा आहे. पण चिवचिव ऐकली की ही बया अंडी सोडून उठते आणि पंख फुगवून पिल्लं आपल्याखाली ओढायला बघते. मग पहिली चोच मारते. (एरवी दोघी गरीब गाई!) अंडी बॅटरीसमोर धरून पाहिली, आत हालचाल आहे, म्हणजे टाकवत नाहीत.

पहिलीला पिल्लांसकट हलवावं का? हलवायचं तर अंधार पडल्यावर, हे माहीत आहे. पण तिच्याखालच्या दोन अंड्यांना नुकतीच टोच पडलीय, म्हणजे आतल्या पिल्लानं कवच फोडायला घेतलंय. ती निघेपर्यंत मध्ये गोणपाट बांधून भागेल? कुणी असं केलंय का?