लेहमध्ये सकाळी डिझेल एसयूव्ही बंद पडते, त्याबद्दल

परभणीच्या एका दादांनी विचारलंय, की त्यांची गाडी लेहला उणे १५ मध्ये सकाळी चालू झाली आणि मिनिटभरात बंद पडली, असं का? त्यावर कुणीतरी बॅटरी बदलायचा सल्ला दिलाय, पण बॅटरी गेली असती तर इंजिन फिरलंच नसतं. हे डिझेल गोठल्याचं लक्षण आहे. पाइपात उरलेल्या डिझेलवर इंजिन चालतं, तोवर फिल्टरच्या कागदावर डिझेलमधल्या, थंडीनं गोठलेल्या मेणाचा पांढुरका थर बसतो आणि पुरवठा तुटतो.

मैदानी भागातलं डिझेल तिथं टिकत नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं विंटर डिझेल आणलं. टाकी जवळपास रिकामी करून तेच भरा आणि मग वीसेक किलोमीटर चालवा, म्हणजे ते फिल्टरपर्यंत पोचेल.

गाडी बंद पडलीच तर कृपा करून सारखा स्टार्टर मारू नका. कॉमन रेलच्या (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबानं डिझेल देणाऱ्या रचनेच्या) हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. कोरडा फिरला की घासतो, आणि त्याचा चुरा इंजेक्टरपर्यंत, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागापर्यंत, जातो. फिल्टरवर गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा, तरी नाही जमलं तर फिल्टर बदला. खाली शेकोटी अजिबात नको. रॉकेलही मिसळू नका, वंगण कमी होतं.

डिझेलसारखंच कूलंटही, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बघा. आपल्याकडं उन्हाळ्यात त्यात बोअरचं पाणी ओततात. तेवढ्यानं मिश्रण पातळ होऊन गोठतं, इंजिनच्या ब्लॉकला तडा जाऊ शकतो. निघण्याआधी हायड्रोमीटरनं (द्रवाची घनता मोजायच्या साधनानं) तपासा. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असलं की उणे ३५ पर्यंत काळजी नाही.