बदलीनंतरची शाळा: वास्कोत स्वमग्न मुलाची सोय कशी लावावी?

वरुणापुरीतील आई (प्रश्न)

नमस्कार. माझे यजमान नौदलात विमान तंत्रज्ञ आहेत. एप्रिलमध्ये त्यांची बदली तमिळनाडूतील अरक्कोणमच्या आयएनएस राजाली या नौदल तळावरून दाबोळीच्या आयएनएस हंसा येथे झाली आणि आम्ही वरुणापुरीत राहायला आलो. माहेर आणि सासर दोन्ही सातारा जिल्ह्यात असल्यामुळे हाकेच्या अंतरावर नात्यातले कोणीही नाही. थोरला मुलगा सात वर्षांचा असून तो स्वमग्न आहे, धाकटी मुलगी तीन वर्षांची आहे.

अरक्कोणमला तो तीन वर्षे एकाच बाईंकडे थेरपीला जात होता. पाण्यासाठीचा त्याचा पहिला शब्द तिथेच फुटला, आणि तो "तण्णी" असा तमिळ होता. इथे एका शाळेत पहिल्या आठवड्यात तो दिवसभर "तण्णी, तण्णी" म्हणत राहिला. ते कोणालाच कळले नाही, शेवटी तो जमिनीवर आडवा झाला आणि मला बोलावणे आले. आता त्या शाळेचे म्हणणे असे की मुलाबरोबर दिवसभर बसणारा माणूस आम्ही स्वखर्चाने ठेवावा, नाहीतर दुसरी शाळा पाहावी.

त्याला नेहमीच्या शाळेतच ठेवण्याचा आग्रह धरावा की विशेष शाळेत घालावे? घरात मराठी, वसाहतीत हिंदी, बाजारात कोंकणी आणि वर्गात इंग्रजी अशी स्थिती असताना त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे? एका डॉक्टरांनी मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोलण्याचा सल्ला दिला आहे, तो मनाला पटत नाही. तिसरी गोष्ट अशी की यजमान डिटॅचमेंटवर (तळाबाहेरच्या तात्पुरत्या कामगिरीवर) गेले की मुलाची झोप उडते, आणि सकाळी सरावाची लढाऊ विमाने उडू लागली की तो कानांवर हात दाबून पलंगाखाली जातो. अनुभवी पालकांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

विशेष शिक्षिका, फोंडा

ताई, भाषेपासून सुरुवात करते, कारण तिथे चूक झाली तर बाकीचे सगळे अवघड होऊन बसते. मराठी बंद करू नका. दोन भाषा ऐकल्यामुळे स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते, असे संशोधनातून दिसून आलेले नाही. उलट आई ज्या भाषेत रागावते, लाड करते आणि अंगाई म्हणते ती भाषा काढून घेतली, तर घरातला सगळ्यात सहज संवादच आटतो. "तण्णी" हा शब्दही पुसून टाकू नका, कारण तो त्याने स्वतः कमावलेला आहे. पाण्याच्या ग्लासाचे एक चित्र काढून त्याला वेल्क्रो लावा, खाली मराठी, इंग्रजी आणि तमिळ असे तिन्ही शब्द लिहा, आणि तेच चित्र घरी, दप्तराच्या पट्ट्याला व वर्गातल्या त्याच्या बाकावर ठेवा. तो "तण्णी" म्हणाला की चित्राकडे बोट दाखवून आपण "पाणी हवं?" असे म्हणायचे. शब्द हळूहळू बदलतील. मागणी समजली जाते, हा त्याचा विश्वास मात्र एक दिवसही तुटता कामा नये.

शाळेच्या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, मूल पाहिल्याशिवाय मी ते देणारही नाही. तुमच्या हातात काय आहे, एवढे सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेला दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी लागते. कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला त्याच्या पसंतीच्या जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंती मुलाची, शाळेची नव्हे, हे मुद्दाम अधोरेखित करते. शाळेला लेखी अर्ज द्या, उत्तरही लेखी मागा. पुष्कळदा कागद मागितला की सूर बदलतो. नाही बदलला तर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते.

विशेष शाळा पाहायच्या असतील तर पर्वरीचे संजय स्कूल आणि फोंड्याजवळ ढवळीचे लोकविश्वास प्रतिष्ठान या दोन्ही ठिकाणी एकदा मुलाला घेऊन जा आणि वर्ग चालू असताना बसून पाहा. वास्कोहून रोजचा प्रवास त्याला झेपेल का, हेही त्याच दिवशी कळेल; पावसाळ्यात बसमध्ये जाणारा वेळ हिशेबात धरायला पालक हमखास विसरतात. शिक्षक किंवा थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे ना, हे न संकोचता विचारा.

बांबोळीची माजी रहिवासी

माझे यजमान लष्कराच्या सिग्नल्समध्ये होते आणि आमची मुलगी सेरेब्रल पाल्सीची. अकरा वर्षांत पाच ठिकाणे झाली, त्यात बांबोळीचे सिग्नल प्रशिक्षण केंद्रही आले. आम्हा लष्करी कुटुंबांना काही ठाण्यांवर दिव्यांग मुलांसाठीच्या आशा शाळा मिळतात, तुमच्या नौदलाच्या संकल्प शाळा आहेत. पण शाळा मिळाली तरी नव्या बाईंना मूल कळायला सहा महिने जातात आणि तोवर पुढची बदली येते. त्यावर मला एकच उपाय सापडला: मुलीची एक वही. जाड अहवालांची फाइल वेगळी, ती डॉक्टरांसाठी. वहीत पहिल्या पानावर ती काय खाते, शौचाला जायचे असेल तर कशी खूण करते, कशाने घाबरते आणि घाबरली तर काय केल्याने शांत होते, एवढेच मोठ्या अक्षरांत. दुसऱ्या पानावर आधीच्या बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेले वैयक्तिक शिक्षण आराखड्याचे सार. अरक्कोणमच्या बाईंकडून फोनवर का होईना, ते आताच लिहून घ्या. आणखी वर्षभराने त्यांनाही नेमके आठवणार नाही.

विमानांचे म्हणाल, तर कानांवर बसणारे जाड इअरमफ वापरून पाहा. पण ते विमान आल्यावर लावायचे नाहीत, शांत असताना पाच-पाच मिनिटे घालायची सवय लावायची. नाहीतर इअरमफ दिसले की आवाज येणार, अशी गाठ त्याच्या मनात बसते. आमच्याकडे ती बसली होती आणि सुटायला फार त्रास झाला.

निवृत्त चीफ, नौदल

कागदांविषयी थोडे लिहितो, कारण आमचे लोक यातच मागे राहतात.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) असेल तर ते देशभर वैध असते, गोव्यात नवे प्रमाणपत्र काढायची गरज नाही. पोर्टलवर पत्ता तेवढा बदला. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करून घ्या. मुलाच्या अपंगत्वाची नोंद यजमानांच्या सेवेच्या कागदपत्रांत झाली आहे का, हे त्यांना जेनफॉर्म (सेवेतील नोंदींचा नौदलाचा कागद) पाहून खात्री करायला सांगा. शिक्षण भत्ता दिव्यांग मुलासाठी दुप्पट असतो. १ जानेवारी २०२४ पासून तो दरमहा ५६२५ रुपये आहे आणि वयोमर्यादा २२ वर्षे आहे. अनेक जण अज्ञानापोटी साधा दर घेत राहतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. त्यात स्वमग्नता बसते आणि थेरपीचा खर्चही येतो, मात्र प्रत्येक बाबीला वेगळी मर्यादा आहे.

बदलीविषयी एक गैरसमज दूर करतो. दिव्यांग पाल्य असलेल्या कर्मचाऱ्याला नियमित बदलीतून सूट देणारी २०१४ आणि २०१८ ची केंद्र सरकारची परिपत्रके व्हॉट्सॲपवर फिरत असतात. ती नागरी सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी आहेत, गणवेशातील माणसाला ती हक्क म्हणून दाखवता येत नाहीत. आपला मार्ग म्हणजे डिव्हिजनल ऑफिसरमार्फत (आपल्या तुकडीच्या अधिकाऱ्यामार्फत) कॅब्सकडे, म्हणजे नाविकांच्या बदल्या ठरवणाऱ्या नौदलाच्या कार्यालयाकडे, विनंती. ती बदलीचा आदेश निघाल्यावर करून उपयोग नाही, पुष्कळ आधी करावी. सोबत प्रमाणपत्र, थेरपिस्टचे पत्र, आणि मागितलेल्या ठिकाणी कोणती सोय उपलब्ध आहे याची माहिती जोडावी. ड्राफ्टिंगवाल्यांना "मुलाचे हाल होतात" यापेक्षा "या गावात ही शाळा आहे आणि तिथे प्रवेश मिळतो" असे लिहिलेले अधिक उपयोगी पडते.

माझी मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे मला फार उशिरा कळले. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. तुम्हाला अजून वेळ आहे, पण त्या फाइलचा पहिला कागद आज तुमच्या घरात आहे, तो नीट जपा.

विशेष शिक्षिका, फोंडा

वडिलांच्या अनुपस्थितीबद्दल लिहायचे राहून गेले. दिनदर्शिकेवर परतीच्या तारखेला खूण करू नका. डिटॅचमेंट दहा दिवसांची म्हणून जाते आणि महिना लागतो, मग मुलाच्या दृष्टीने ती दिनदर्शिकाच खोटी ठरते. त्याऐवजी दारामागे कापडाचे दोन खिसे शिवा, एकावर घराचे चित्र आणि दुसऱ्यावर विमानाचे. बाबांचा फोटो सकाळी कोणत्या खिशात आहे, ते मुलाने स्वतः पाहायचे. जाताना फोटो त्यानेच विमानाच्या खिशात ठेवायचा आणि आल्यावर त्यानेच काढायचा.

वरुणापुरीतील आई

सर्वांचे मनापासून आभार. शाळेला काल लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. अरक्कोणमच्या बाईंशी फोनवर बोलून वहीची पहिली दोन पाने लिहून झाली. त्यांच्याकडूनच कळले की तिथे पाण्याची बाटली निळी होती, आणि इथे आम्ही त्याला नवी लाल बाटली दिली होती. आज निळी आणली. चीफ काका, यजमान परत आले की जेनफॉर्मचे काम प्रथम करायला सांगते. खिसे शिवून झाले आहेत, फोटो सध्या विमानाच्या खिशात आहे.