मदत हवी आहे: डेटाबेस मंदावला की कॉन्सलमधले सगळे इन्स्टन्स एकदम क्रिटिकल

एका सर्व्हिसचे सहा इन्स्टन्स (चालू प्रती) कॉन्सलमध्ये, म्हणजे कोणती सर्व्हिस कुठे चालू आहे याची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये, नोंदवलेत, क्लायंट ते डीएनएसवरून शोधतात. इन्स्टन्स ठीक आहे का हे पाहणारा एचटीटीपी चेक दर १० सेकंदांनी होतो आणि त्याचा एंडपॉइंट डेटाबेसलाही क्वेरी करतो. त्यामुळे डेटाबेस जरा मंदावला की सहाही क्रिटिकल (नापास) होतात, कॉन्सल त्यांना यादीतून वगळतो आणि डीएनएसचं उत्तर रिकामं येतं. खरं तर कॅशमधून बऱ्याच विनंत्या तेव्हाही भागल्या असत्या, हेच जास्त खुपतं.

फेल्युअर्स_बिफोर_क्रिटिकल (सलग किती वेळा चेक फसल्यावर क्रिटिकल धरायचं ती सेटिंग) ३ करून पाहिलं. पण मग खरोखर बंद पडलेला इन्स्टन्सही जवळपास अर्धा मिनिट यादीत राहतो, ते परवडत नाही. क्लायंटचा कोड बदलता येणार नाही.

आता डेटाबेस अडला तर एंडपॉइंटवरून एचटीटीपी कोड ४२९ परत करायचा विचार आहे; कॉन्सल तो क्रिटिकल न धरता वॉर्निंग धरतो. ओन्ली_पासिंग (फक्त पूर्ण पास झालेलेच इन्स्टन्स द्यायची सेटिंग) बंदच आहे, म्हणजे डीएनएस इन्स्टन्स देत राहील. प्रॉडक्शनमध्ये कोणी असं चालवलंय का? की डेटाबेसची तपासणी या चेकमधून काढूनच टाकावी?