मदत हवी आहे: पुण्यातलं छोटं स्टार्टअप नीट बंद कसं करावं?

नमस्कार मंडळी,

कंपनी उघडण्यावर इथे चिकार धागे आहेत. बंद करण्यावर एकच सापडला आणि तोही भांडणात वाया गेलेला. म्हणून नवीन काढतेय. आधी धंदा काय होता ते सांगते, नाहीतर "दुसरं काहीतरी विकून बघा" छापाचे सल्ले येतील.

मी आणि माझा कॉलेजचा मित्र, अशी दोघांची प्रायव्हेट लिमिटेड. कर्वेनगरला मामेसासऱ्यांचा रिकामा फ्लॅट आहे, तेच नोंदणीकृत कार्यालय. आम्ही ब्राउजरसाठी एक एक्स्टेंशन बनवलं होतं. एखादं पान वाचताना त्यातलं वाक्य निवडायचं, शेजारी टीप लिहायची. तुमच्या गटातलं दुसरं कुणी त्याच पानावर आलं की त्याला ती टीप समासात दिसणार. अनोळखी लोकांची गर्दी नाही, फक्त आपली माणसं.

कल्पना नवी नव्हती, हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. थर्ड व्हॉइसने १९९९ मध्ये जवळपास हेच केलं आणि २००१ मध्ये गुंडाळलं. गुगलचं साइडविकी २००९ ला आलं, २०११ ला गेलं. फ्लॉक आणि रॉकमेल्ट हे तर मित्रमंडळींना जोडणारे अख्खे ब्राउजर होते, तेही गेले. आवडीची नवी पानं सुचवणारं स्टंबलअपॉन त्यातल्या त्यात तगलं, २०१८ पर्यंत. ही यादी बघून माझ्या बहिणीने तेव्हाच विचारलं होतं, "मग तुम्ही कशाला?" आमचं म्हणणं असं होतं, की थर्ड व्हॉइस आणि साइडविकीने सगळ्या जगाला एकाच समासात बोलावलं, म्हणून तिथे कचरा साठला. पंधरा-वीस जणांचा ओळखीचा गट असेल तर तसं होत नाही. हे म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. त्या मापात ते चालत होतं.

आमचे सगळ्यात पक्के वापरणारे म्हणजे सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधली एमपीएससीची मुलं. अग्रलेख, पीआयबीची (केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाची) पानं, योजनांची माहिती यांवर एकेक जण टीप टाकणार, बाकीचे त्यात भर घालणार. दुसरा एक गट अनुवादकांचा होता. त्यांनी तर पैसेही वेळेवर दिले.

अडलं ते मोबाइलवर. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन चालत नाही. फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ मध्ये मोबाइलवर एक्स्टेंशनांना दार उघडलं, पण आमच्या मुलांच्या फोनमध्ये फायरफॉक्स होता कुठे? एकदा नवी पेठेतल्या अभ्यासिकेत गेले होते. एका मुलीच्या लॅपटॉपवर आमच्या टिपा उघड्या आणि मागे चार-पाच जण त्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकतायत. एकाने तर मला सांगितलं, "मॅडम, फोटो काढताना तुमची ती पिवळी पट्टी मध्ये येते, तेवढी बाजूला घ्या." पट्टी आम्ही बाजूला घेतली. पण आपला हिशेब कुठे बसत नाहीये, ते त्या दिवशी कळलं.

"स्वतःचा मोबाइल ब्राउजर का नाही काढला?" हा प्रश्न येणारच, म्हणून आत्ताच सांगते. क्रोमची मोठी आवृत्ती २०२१ पासून दर चार आठवड्यांनी यायला लागली, मधले सुरक्षेचे दुरुस्ती-अपडेट वेगळेच. त्यावर आधारलेला ब्राउजर काढायचा तर कायम त्या वेगाने पळावं लागतं. दोन माणसांचं ते काम नाही. आणि आमचे कितीतरी महिने मॅनिफेस्टच्या, म्हणजे क्रोमच्या एक्स्टेंशनसाठीच्या नियमांच्या, दुसऱ्या आवृत्तीवरून तिसरीवर जाण्यात गेले होते. वापरणाऱ्याला त्यातून नवीन काहीच मिळालं नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र जरा मिरवते. वाक्याला चिकटवलेली टीप मराठी पानांवर मध्येच निखळायची. वाक्य तर डोळ्यांसमोर तेच. शोधत गेलो तर चोर निघाला "दुसऱ्या" या शब्दातला ऱ्या. तो संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो: कुणी ऱ हे वेगळं अक्षर वापरून लिहितं, कुणी साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक घालून. वृत्तपत्रातल्या कुणी लेख पुन्हा टंकून चढवला, की आमच्या लेखी ते वाक्य नाहीसं! दोन्ही रूपं एक मानून वाक्य शोधणारा कोड आम्ही लिहिला. अजून कुणाच्या उपयोगी पडावा असं वाटतं.

असो. पैसे संपले, मित्र नोकरीसाठी टोरांटोला गेला. भांडण वगैरे काही नाही. आता प्रश्न.

पहिला कंपनीचा. एक सीए म्हणतात स्ट्राइक ऑफ करा (नोंदवहीतून नावच काढा), दुसरे म्हणतात डॉर्मंट ठेवा (निष्क्रिय म्हणून नोंद ठेवा). मित्राची डिजिटल सही संपलीय आणि केवायसी न झाल्याने त्याचा डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक) बंद पडलाय. शिवाय माझ्या सासऱ्यांनी कंपनीला दिलेलं कर्ज पुस्तकात उभं आहे.

दुसरा, ज्याने माझी झोप उडवलीय. एका परदेशी कंपनीची ईमेल आलीय: एक्स्टेंशन "वापरणाऱ्यांसकट" विकत घेतो. रक्कम अशी, की सासऱ्यांचे निम्मे पैसे परत देता येतील. मित्र म्हणतो देऊन टाक. पण घेणाऱ्याला आमच्या कोडमध्ये रस नाही, त्याने कोडबद्दल एक अक्षर विचारलेलं नाही. आमच्या एक्स्टेंशनला प्रत्येक पान वाचायची परवानगी आहे, कारण त्याशिवाय समासात टीप दाखवता येत नाही. नवी आवृत्ती आपोआप उतरते, मालक बदलला हे कुणाला कळतही नाही. न वापरलेले टॅब झोपवणाऱ्या द ग्रेट सस्पेंडर या एक्स्टेंशनचं काय झालं ते आठवत असेल. २०२० मध्ये ते नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते मालवेअर म्हणून काढून टाकलं. वापरणारे २० लाखांच्या घरात होते. आमचे त्यामानाने मूठभर, पण त्याच ब्राउजरमध्ये त्यांची बँकही उघडते. मला विकायचं नाहीये. पण पैसे सासऱ्यांचे आहेत, त्यामुळे "नाही" म्हणायचा हक्क माझा एकटीचा आहे का, हे कळत नाही. ते स्वतः "तुला पटेल ते कर" एवढंच म्हणतात, त्याने जास्तच अवघड होतं.

तिसरा टिपांचा. गटातल्या टिपा कुणाच्या? निरोप द्यायला किती मुदत ठेवावी? मोझिलाने जुलै २०२५ मध्ये पॉकेट (लेख नंतर वाचायला साठवायची सोय) बंद केलं, तेव्हा लोकांना आपला साठा उतरवून घ्यायला त्यानंतरही काही महिने दिले होते. आम्हाला सर्व्हरचं भाडं बघून ठरवायचंय.

व्यनि नको, इथेच लिहा. पुढच्यालाही उपयोग होईल.

प्रतिसाद

हेच होतं मराठी माणसाचं. गुजराती असता तर विकून मोकळा झाला असता.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष करा. मी सीए आहे, तुमची कागदपत्रं पाहिलेली नाहीत हे धरून वाचा.

डॉर्मंट, म्हणजे कलम ४५५, हे पुन्हा सुरू करायचा विचार असेल तरच. त्यातही दरवर्षी विवरण भरावं लागतं. तुमचं वाचून तुम्हाला कलम २४८ खालचा स्ट्राइक ऑफ हवाय. अर्ज एसटीके-२, फी ₹१०,०००. पूर्वी हे काम आपल्या आकुर्डीच्या आरओसीकडे (कंपनी निबंधकाकडे) असायचं, १ मे २०२३ पासून मानेसरच्या सी-पेस या केंद्राकडे गेलंय. त्यामुळे आकुर्डीला खेटे घालू नका.

क्रम महत्त्वाचा आहे. ज्या आर्थिक वर्षात व्यवहार थांबला तिथपर्यंतचे एओसी-४ (हिशेबपत्रकं) आणि एमजीटी-७ए (वार्षिक विवरण) हे फॉर्म भरलेले हवेत. राहिले असतील तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला ₹१०० चढतात, तेव्हा आज उद्या करू नका. मित्राचा डीआयएन ₹५,००० भरून केवायसीने चालू होतो, डिजिटल सहीही नवी घ्यावी लागेल. सगळी देणी शून्यावर आणायची, कारण एसटीके-८ हे हिशेबपत्रक सीएने प्रमाणित केलेलं आणि अर्जाच्या वेळी ३० दिवसांपेक्षा जुनं चालत नाही. सासऱ्यांचं कर्ज फेडा किंवा त्यांच्याकडून लेखी माफी घ्या. माफीचा करावर काय परिणाम होतो, ते तुमच्या सीएंना तोटा पुढे किती ओढलाय ते बघून ठरवू द्या.

बँक खातं घाईने बंद करू नका. टीडीएसचा परतावा यायचा असेल तर तो कंपनीच्याच खात्यात येतो, खातं बंद झाल्यावर तो मिळवायला नाकी नऊ येतात. जीएसटी नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरण भरायचं, हे लोक हमखास विसरतात. प्रोफेशनल टॅक्सच्या दोन्ही नोंदण्या (कंपनीची स्वतःची आणि कर्मचाऱ्यांसाठीची) आणि टॅन, म्हणजे टीडीएसचा क्रमांक, हेही बघा.

आणखी एक. डोमेन, ट्रेडमार्क, कोडचे हक्क कंपनीच्या नावावर असतील तर कंपनी जिवंत असतानाच ठराव करून तुमच्या नावावर घ्या किंवा कोड मुक्त परवान्याखाली खुला करा. कंपनी गेल्यावर सही करायला कुणी उरत नाही. आणि नाव पुसलं म्हणजे संचालकांची जबाबदारी पुसली असं नाही, ती राहते.

प्रतिसाद

विकू नका. पैशांचं दुःख कळतं, पण नका विकू.

मी हीच कामं करतो, त्यामुळे तांत्रिक भाग सांगतो. एक्स्टेंशन स्टोअरवरून काढलं तरी लोकांच्या ब्राउजरमध्ये बसलेलं तसंच राहतं. म्हणून आधी शेवटची आवृत्ती काढा. तिने एक पान उघडून "बंद होतंय, तुमच्या टिपा इथून उतरवा" असं सांगायचं. मुदत संपली की क्रोमच्या मॅनेजमेंट एपीआयमधली अनइन्स्टॉलसेल्फ ही आज्ञा वापरून तिने स्वतःलाच काढून टाकायचं. त्याला वेगळी परवानगी लागत नाही. स्टोअरवरून लगेच काढू (अनपब्लिश) नका, वर्षभर अनलिस्टेड (शोधात न दिसणारं, पण चालू) ठेवा, म्हणजे कपाटात पडलेला लॅपटॉप उशिरा उघडणाऱ्यालाही ही आवृत्ती मिळेल.

डोमेन सोडू नका हे सगळ्यात महत्त्वाचं. सुटलेलं डोमेन कुणीही उचलतं आणि जुनं एक्स्टेंशन इमानेइतबारे त्याच पत्त्यावर जाऊन बोलतं. म्हणजे तुम्ही जे विकलं नाहीत ते त्याला फुकटात मिळतं. डेव्हलपर खात्याच्या ईमेलचंही तेच.

टिपा उतरवायला दोन प्रकार द्या: बुकमार्कची एचटीएमएल फाइल, जी कुठलाही ब्राउजर घेतो, आणि जाणकारांसाठी डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या वेब अ‍ॅनोटेशन मानकातली फाइल. आणि तो ऱ्या चा कोड खुला कराच. मी पहिला घेईन.

प्रतिसाद

मी तुमच्या गटात होतो, नवी पेठेतलाच. दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी. एक सुचवतो. आमच्या गटातला एक जण तयारी सोडून गावी गेला, त्याने कुणाशीच संपर्क ठेवला नाही. त्याच्या टिपांत अभ्यासाव्यतिरिक्तही बरंच होतं, घरचं, पैशाचं. आम्हाला सगळ्यांना त्या सरसकट उतरवता येऊ नयेत असं वाटतं. ज्याच्या त्याला द्या. दुसऱ्याने लिहिलेली टीप हवी असेल तर त्याने हो म्हणावं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पहिल्या प्रतिसादाचेही, सासऱ्यांना वाचून दाखवला, खूप हसले.

ईमेलला नकार कळवला. सोबत लिहिलं, की कोडचा परवाना हवा असेल तर बोलू, खातं आणि वापरणारे मिळणार नाहीत. उत्तर आलेलं नाही, येईल असंही वाटत नाही. सासऱ्यांशी मोकळं बोलले. त्यांना कर्जमाफीचं पत्र लिहायचंय, मला थोडेथोडे का होईना माझ्या पगारातून द्यायचेत. हे आमचं आम्ही मिटवू, पुस्तकात काय दाखवायचं तेवढं सीए सांगतील.

टिपांसाठी तीन महिने ठेवतोय. ज्याची टीप त्यालाच, वरची सूचना तशीच्या तशी घेतली. मुदत संपल्यावर सर्व्हरवरचं सगळं पुसणार, बॅकअपसुद्धा. वैयक्तिक विदेचा (डेटाचा) २०२३ चा कायदा काय म्हणतो ते वकिलांना विचारतेच आहे, पण तो नसता तरी कोण कधी काय वाचत होतं याची नोंद माझ्या घरच्या हार्डडिस्कवर मला नकोय.

आता एकच अडलंय. स्ट्राइक ऑफच्या अर्जासाठी मित्राला इंडेम्निटी बाँड (नुकसानभरपाईची हमी) आणि प्रतिज्ञापत्र टोरांटोत करायचंय. जानेवारी २०२४ पासून कॅनडात अपोस्टिल (परदेशात चालणारा कागद प्रमाणित केल्याचा शिक्का) मिळतं, त्यामुळे वकिलातीत जायला नको हे कळलं. पण स्टॅम्पपेपर इथून घेऊन कुरियरने पाठवायचा, की त्याने साध्या कागदावर करून पाठवायचं आणि मुद्रांक इथे भरायचा?

प्रतिसाद

वरचा सीए. दुसरं सोपं. भारताबाहेर सही झालेल्या दस्ताला तो इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरता येतो. पाकीट कधी आलं त्याचा पुरावा, म्हणजे कुरियरची पावती, जपून ठेवा. फक्त मित्राला मसुदा आधी पाठवून नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना ते तपासायला सांगा. वडलांचं नाव मधे घालण्यावरून अर्ज परत आलेले मी पाहिलेत.