स्पीकरच्या हॉर्नमधून सतत हिस (बारीक ‘स्स्स’ आवाज) येतोय, अँप (अँप्लिफायर) बदलू का?

लाकडी_कर्णा
मंडळी, टू-वे स्पीकर घरीच बनवलेत, खाली १५ इंची वूफर (खालच्या सुरांचा) रिफ्लेक्स बॉक्समध्ये (बेससाठी भोक ठेवलेली पेटी), वर प्लायचे थर चिकटवून घासून काढलेला ट्रॅक्ट्रिक्स वळणाचा हॉर्न (कर्णा) आणि त्यामागे वरच्या सुरांचा १ इंची कॉम्प्रेशन ड्रायव्हर. क्रॉसओव्हर अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे अँपच्या आधीच सूर वूफर आणि हॉर्नमध्ये वाटणारा, १२०० हर्ट्झला, चारही चॅनल १०० वॉटच्या ट्रान्झिस्टर अँपवर. १ वॉटला १ मीटरवर वूफर ९८ डीबी देतो, हॉर्न १०८, म्हणून क्रॉसओव्हरमध्येच हॉर्न १० डीबी खाली घेतलाय. वाजतात झकास, पण गाणं थांबलं की हॉर्नमधून हिस, व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढाच. मित्र म्हणतो १०० वॉट विकून टाक, ३००बी व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड (चॅनलला एकच आउटपुट व्हॉल्व्ह) अँप घे. त्याच्या ८ वॉटमध्ये १५ इंची हलेल का?

जुना_सोल्डर
व्हॉल्यूमने हिस हलत नाही म्हणजे तो पॉवर अँपचा (किंवा क्रॉसओव्हरच्या आउटपुटचा) आहे, आणि तू लेव्हल कमी केलीस ती त्याच्या आधी, मग तो कमी होईलच कसा? तोच अँप ८६ डीबीच्या छोट्या बुकशेल्फ स्पीकरला लाव, हिस २२ डीबीने खाली जाईल, खुर्चीत बसून कळणारपण नाही. लेव्हल अँप आणि ड्रायव्हरच्या मध्ये पाड. ८ ओहमचा ड्रायव्हर असेल तर ५.६ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये, ३.९ ओहम ड्रायव्हरला पॅरलल, १० वॉटचे वायरवाउंड, झाले १० डीबी, आणि अँपला लोड ८ ओहमच दिसतो. मग क्रॉसओव्हरमधला कट काढून टाक. आणि हे बघ, ड्रायव्हर थेट अँपला जोडलेला असेल तर अँपच्या बाजूने सिरीजमध्ये ३३ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर घालच, त्याची हद्द (ज्याखालचे सूर तो दाबतो) साधारण ६०० हर्ट्झला पडते म्हणजे क्रॉसओव्हरच्या बराच खाली, पण अँप चालू करतानाचा धप्प किंवा डीसी आला तर ड्रायव्हरचा डायफ्रॅम (पातळ पडदा) वाचतो.

काचेचा_दिवा
मित्र काही चुकीचं बोलत नाहीये. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डीबी वाढतात, ८ वॉट म्हणजे १ वॉटच्या वर ९, तुझा ९८ वाला वूफर १ मीटरवर १०७ डीबी देईल, घरात अजून किती पाहिजे? आपण ऐकतो ते निम्म्या वॉटच्या आतच. ३००बी घेच.

जुना_सोल्डर
@काचेचा_दिवा वॉट पुरतील हो, भांडण वॉटचं नाहीच. फीडबॅक (आउटपुट परत इनपुटला देऊन चूक सुधारणं) नसलेल्या ३००बी अँपचा आउटपुट इम्पीडन्स (आतला रोध) बहुतेक वेळा २-३ ओहम असतो, आणि रिफ्लेक्स बॉक्सचा इम्पीडन्स खाली दोन ठिकाणी उंच चढतो, तिथे बेस फुगणार. बॉक्स ट्यून केला असेल ट्रान्झिस्टर अँप धरून, मग सगळा हिशोब परत. घ्यायचाच तर फक्त हॉर्नवर घे, तिथे तो ३.९ ओहम ड्रायव्हरचे चढउतार पण दाबतो. वूफरला १०० वॉटच राहू दे.

लाकडी_कर्णा
रेझिस्टर आणि कपॅसिटर बसवले, आता हॉर्नच्या तोंडात कान घातला तरच हिस कळतो. ३००बी सध्या पुढे ढकललाय, बायकोला आधीच हॉर्नचा आकार पचलेला नाही 😄 पण हिस गेल्यावर दुसरंच ऐकू यायला लागलं, बारीक घूंऽऽ, उजव्या बाजूने.

जुना_सोल्डर
ते वूफरमधून असणार, मेन्सचा हम (घरच्या विजेची घूं) त्या कपॅसिटरमधून हॉर्नपर्यंत फारसा जातच नाही. उजव्या वूफरच्या अँपची इनपुट केबल काढून बघ. हम गेला तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी ग्राउंड जोडलं जाणं) नाहीतर केबलचं शील्ड (बाहेरची जाळी) तुटलंय, राहिला तर अँपच्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर बघावे लागतील. अँप बंद करून केबल काढ रे बाबा.