अर्धी पर्स एकाच खेळाडूवर, पटतं का?

दापोलीकर:
२०२३ च्या प्रो कबड्डी लिलावात प्रत्येक संघाची पर्स, म्हणजे खेळाडू घ्यायची एकूण रक्कम, होती ५ कोटी. तेलुगू टायटन्सनी त्यातले २ कोटी ६० लाख ५० हजार एकट्या चढाईवाल्या पवन सेहरावतवर लावले. सगळ्यात खालच्या ड गटाची बेस प्राइस, म्हणजे बोलीची सुरुवात, होती ९ लाख. मॅटवर मात्र सात जण उतरतात. टोकाच्या कॉर्नरने घोटा धरला आणि त्याच क्षणाला आतल्या बाजूच्या कव्हरने अंग झोकून दिलं नाही, तर चढाईवाला हात लांब करून रेषा गाठतोच. त्या कव्हरला काय मिळतं? एका खेळाडूवर पर्सचा चौथा हिस्सा, त्यापुढे बोली नकोच.

डावा कॉर्नर, अलिबाग:
नाही पटलं, दादा. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या शादलूवर २ कोटी ३५ लाख लावले. तो पकडीचा खेळाडू! पलटणने तो हंगाम जिंकला. पुढच्या हंगामात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं, तेही जिंकले. पकड करणाऱ्यांना आत्ता कुठे भाव येतोय, तिथेच तुम्ही लगाम घालताय.

दापोलीकर:
पलटणकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत आधीपासून तयार होते. टायटन्सचं काय झालं? २२ सामन्यांपैकी २ विजय, तळाला. पवन गुण आणत होता, मागे पकडच होत नव्हती.

हर्णै बंदर:
आमच्याकडे तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, खलाशापेक्षा मोठा वाटा असतो, कोणी कुरकुर करत नाही. पण खलाशाचंही घर चाललं पाहिजे. पूर्वी कबड्डीवर रेल्वेत, पोलिसात नोकरी लागायची. गुडघा गेला तरी पगार चालू. लिलावातल्या पोराला पुढच्या वर्षी कोणी घेतलंच नाही तर? वरचा भाव राहू द्या, खालचा २० लाख करा.

डावा कॉर्नर, अलिबाग:
हिशेब करा. संघात किमान १८ जण. शादलू सोडून १७ जणांचे २० लाखांनी ३ कोटी ४० लाख तिथेच गेले. ५ कोटींतल्या उरलेल्या १ कोटी ६० लाखांत शादलू येतो का? म्हणजे फिरून मर्यादाच.

हर्णै बंदर:
मग पर्स वाढवा. २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग राकेश कुमार, १२ लाख ८० हजार. वरचा भाव वीसपट झाला तेव्हा पैसा कुठून आला, हे कोणी विचारलं नाही. कव्हरच्या पोराची वेळ आली की बरोबर हिशेब निघतो.